उसन्या देखाव्याचं भाडं

लिफ्टचं दार उघडतं तेव्हा आधी अंगावर वारा येतो, मग खारट वास, आणि चार पावलं टाकल्यावर लक्षात येतं की इथे गाणी लागलेली नाहीत. किंवा लागलेली असलीच, तर कान टवकारावे लागतील इतक्या हलक्या आवाजात. मंगळवारची संध्याकाळ, साडेसहाचा सुमार, मरीन ड्राइव्हवरच्या एका हॉटेलची गच्ची. टेबलं पंधराएक, भरलेली चार. काउंटरमागे बारटेंडर बर्फ फोडतो आहे, त्याची टकटक ऐकू येते. खाली सिग्नल सुटला की हॉर्नचा एकच गलका उठतो, पण आठ मजले चढून येईपर्यंत त्याची धार गेलेली असते. कोपऱ्यातल्या टेबलावर दोन वयस्क बायका बसल्या आहेत, बहुधा बहिणी. एक हळू आवाजात काहीतरी सांगते आणि दुसरीला ते एकदाच सांगून कळतं. मुंबईच्या बारमध्ये हे फार क्वचित घडतं.

जुन्या दक्षिण मुंबईत अशा गच्च्या थोड्याच आहेत. पूर्वी जिथे नटराज हॉटेल होतं तिथल्या इंटरकॉन्टिनेंटलच्या माथ्यावरचा 'डोम' बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. कुलाब्याला, गेटवेपासून थोडं चालत गेलं की हार्बर व्ह्यू हॉटेलच्या गच्चीवरचं 'बे व्ह्यू' लागतं. त्याचा थाट साधा. समोर नांगरलेल्या होड्या आणि एलिफंटाहून परतणाऱ्या लाँची. बाकीची ठिकाणं उघडतात, नाव बदलतात, मिटतात. या गच्च्यांवर माणूस पैसे नेमके कशाचे मोजतो? ग्लासातल्या 60 मिलीचे तर नक्कीच नव्हेत. तेवढी दारू कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमध्ये किती तरी स्वस्त पडते. पैसे देखाव्याचे असतात. आणि देखावा हॉटेलच्या मालकीचा नसतो.

तो कुणाचा, हे कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं की कळतं.

समुद्राच्या कडेने गोलाईत उभी असलेली इमारतींची रांग बरीचशी एका उंचीची आहे, पाच-सहा मजल्यांची. ही जमीनच मुळी नव्हती. 1920च्या दशकात बॅकबेचा समुद्र हटवायचं काम निघालं, खर्च हाताबाहेर गेला, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाने लोक त्या प्रकल्पाला लॉइडसाहेबांचं खूळ म्हणू लागले. त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला तो खुर्शेद नरिमन यांनी. चर्चगेटहून समुद्राकडे येणारा रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्या रस्त्याच्या तोंडाशी, कोपऱ्यावर, 1937 सालचा 'सूना महाल' उभा आहे. तो बांधला जी. बी. म्हात्रे यांनी. ओव्हल मैदानासमोरचं 'एम्प्रेस कोर्ट'ही त्यांचंच. जहाजाच्या नाळेसारखे गोल कोपरे, ऊन अडवणारे लांबट छज्जे, वळणदार सज्जे यांची सवय मुंबईला लावणाऱ्यांत म्हात्रे अगदी पुढे होते. मराठी घरांत नट, गायक, क्रिकेटपटू यांची नावं रोज निघतात. ज्याच्या रेषांतून अर्धी मुंबई 'मुंबईसारखी' दिसते त्या आर्किटेक्टचं नाव निघत नाही. असो.

पूर्वेकडे वळलं आणि कोन जमला, तर राजाबाई टॉवरचा शेंडा दिसतो. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसे दिले, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून काढला, आणि टॉवर 1878 साली पुरा झाला. उच्च न्यायालयाची इमारतही त्याच वर्षीची. त्या काळी या गॉथिक इमारतींसमोर मैदान होतं, मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र. मग समुद्र मागे सरला आणि त्याच्या जागी आर्ट डेकोची रांग आली. एका मैदानाचे दोन काठ, मधे साठ वर्षांचं अंतर, आणि दोन्हीकडच्या इमारती अजून एकमेकींकडे बघत उभ्या. 2018 मध्ये युनेस्कोने हा सगळा परिसर, 94 इमारतींसह, जागतिक वारसा यादीत घेतला.

आठव्या मजल्यावरून एवढं सगळं मोकळं दिसतं, ते शेजारचे पाचव्या-सहाव्या मजल्यावर थांबले म्हणून. ते हौसेने थांबलेले नाहीत. 1995 पासून मुंबईत वारसा नियमावली लागू आहे. यादीतल्या इमारतीची उंची, दर्शनी भाग, खिडक्या, अगदी दुकानाची पाटी बदलायची तरी वारसा समितीची संमती लागते. परळमधल्या चाळीच्या जागी चाळीस मजले उठतात, तिथल्या रहिवाशाला मोठा फ्लॅट मिळतो. मरीन ड्राइव्हच्या मागच्या गल्लीतला पागडीचा भाडेकरू मात्र गळक्या छपराखाली ताडपत्री टाकून पावसाळा काढतो. त्याच्या डोक्यावर न चढलेले मजले म्हणजेच गच्चीवरच्या बारचा देखावा. बार विकतो ते शेजाऱ्यांनी न बांधलेले मजले.

विकू नये असं कुणी म्हणत नाही. पण शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर वाटी रिकामी परत करायची नाही, हा मराठी घरातला जुना शिरस्ता आहे. काहीतरी घालून द्यायचं, निदान चार बत्तासे. देखावा उसना घेणाऱ्या बारने परत काय द्यायचं, तर शांतता. वेगळा कर नको, देणगी नको, दिवाळीत सोसायटीला मिठाईचे पुडे नकोत. रात्री शेजाऱ्याच्या खिडकीत ड्रमचे ठोके पोचू नयेत, एवढंच.

क्षितिज सगळ्यांचं असतं ही कल्पना मुंबईला नवी नाही. 2015 मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले, तेव्हा शहरात केवढा गहजब झाला! 'राणीचा हार' म्हणवणाऱ्या या दिव्यांच्या रांगेतले मणी पांढरे पडले म्हणून लोक चिडले, राजकारणी भांडले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी पिवळा उजेड परत आला. विजेची बचत की सौंदर्य हा वाद बाजूला ठेवू. शहराने दिव्यांच्या रंगावर हक्क सांगितला आणि तो मान्य झाला, ही त्यातली मोठी गोष्ट. मग रंगावर सांगता येतो तो हक्क आवाजावर का सांगता येऊ नये?

आता बसण्याविषयी. मराठी माणूस 'प्यायला जाऊ या' असं सहसा म्हणत नाही. तो विचारतो, 'बसायचं का?' या एका क्रियापदात अख्खा कार्यक्रम येतो: टेबल, चकणा, जुने हिशेब, कुणाच्या तरी बदलीची बातमी, आणि दुसऱ्या ग्लासानंतर निघणारी ती एक गोष्ट जी घरी निघत नाही. पिणं हे निमित्त, बसणं हा हेतू. छातीत धडधड होईल इतक्या आवाजात बसता येत नाही. तिथे नुसतं पिता येतं.

आणि या शहरात बसण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. राजाबाई टॉवर पुरा झाला त्याच 1878 साली मुंबई अबकारी कायदा आला आणि माडी-ताडीवर पिढ्यानपिढ्या जगलेल्या भंडाऱ्यांच्या धंद्यावर सरकारचा हात पडला. 1933 मध्ये ताजमध्ये हार्बर बार सुरू झाला. मुंबईतला पहिला परवानाधारक बार तो हाच, असं हॉटेल अभिमानाने सांगतं. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेतली दारूबंदी उठली. इथे मात्र सहा वर्षांत, 1939 साली, शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला. 1949 मध्ये कायदा झाला आणि 1950 मध्ये मोरारजी देसाईंच्या काळात मुंबई राज्य कोरडं झालं. कायद्याला आव्हान मिळालं, 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात त्यातली काही कलमं उडवली आणि बाकी कायदा कायम ठेवला. मग आले आरोग्याच्या कारणाने मिळणारे परवाने, धोबी तलाव आणि वांद्र्यातले चोरून दारू विकणाऱ्या आंटीचे अड्डे, आणि पुढे बंधनं सैल झाल्यावर परमिट रूम.

परमिट रूम हा शब्दच पाहा. परवानगीची खोली. काळ्या काचा, जाड पडदे, भर दुपारी ट्यूबलाइट, आणि एका बाजूला 'फॅमिली रूम' अशी पाटी, म्हणजे बाई असेल तर तिने त्या पार्टिशनमागे बसावं. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसू नये आणि आतल्याला बाहेर उजाडलंय की मावळलंय ते कळू नये, अशी सगळी रचना. दारू पिणं हे लपवण्यासारखं कृत्य आहे असं सरकार आणि समाज दोघांनी मिळून ठरवलं, त्याची ही वास्तुकला. परवान्याची अट तर अजूनही कायद्यात जिवंत आहे: एका दिवसाचा पाच रुपयांचा, जन्मभराचा हजार रुपयांचा. गच्चीवर नऊशे-हजाराचं कॉकटेल मागवणाऱ्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे न विचारलेलं बरं.

त्या पडद्याआडून उघड्या आकाशाखाली येणं ही म्हणूनच साधी चैन नाही. पन्नाशीतल्या दोन बायका पार्टिशनशिवाय, कुणी वळून न बघता, समुद्राकडे तोंड करून एकेक ग्लास घेऊन दीड तास बसू शकतात, हे या शहरात नवं आहे आणि चांगलं आहे. गोंगाटाच्या पबमध्ये त्या आल्या नसत्या. आल्या तरी टिकल्या नसत्या.

कॉकटेलबद्दल मराठी पुरुषांत एक जुनी कुचेष्टा आहे: ते म्हणजे महागडं लिंबू सरबत. व्हिस्की-सोड्यावर वाढलेल्या पिढीला तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण मिसळून पिण्याची रीत काही परकी नाही. 'पंच' या पेयाचं नाव आपल्या 'पाच'वरूनच पडलं असं मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांनी ते इथून नेलं आणि लंडनमध्ये त्याचे मोठमोठे वाडगे मिरवले. आता उलटी वाट सुरू आहे. गेल्या काही वर्षांत गोव्यातून 'ग्रेटर दॅन', 'स्ट्रेंजर अँड सन्स', 'हपुसा' अशा जिन निघाल्या. यातलं 'हपुसा' हे नाव थेट आयुर्वेदातल्या हपुषा या वनस्पतीचं, म्हणजे हिमालयातल्या जुनिपरचं. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोकम, कैरी, जांभूळ, गूळ, काळं मीठ हे सगळं आता शेकरमध्ये जातं. त्यातलं काही फार छान लागतं. काही मात्र औषधाच्या काढ्यासारखं लागतं आणि तरी हजार रुपयांना पडतं.

चांगलं कॉकटेल हे पाण्याचं गणित आहे. शेकर हलवताना बर्फ वितळतो आणि पेल्यातला पाव हिस्सा तरी पाणी होतं. ते कमी पडलं तर घसा जळतो, जास्त झालं तर सगळं फिकं. म्हणून ते हळू प्यायचं पण फार रेंगाळायचंही नाही. वीस मिनिटांचा ऐवज. गच्चीवर वारा असतो, मे महिन्यात घाम असतो, बर्फ आणखी लवकर जातो; जाणता बारटेंडर अशा वेळी लहान चुऱ्याऐवजी एकच मोठा खडा टाकतो. हे सगळं बघायला, त्याला दोन प्रश्न विचारायला, त्याचं उत्तर ऐकू यायला शांतता लागते.

मग बहुतेक बार इतका आवाज का करतात? कारण आवाज विकतो. फ्रान्समध्ये निकोला गेगें या संशोधकाने सहकाऱ्यांसह बारमध्ये एक साधा प्रयोग केला होता, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. शनिवारी रात्री चाळीस पुरुषांचं पिणं मोजलं. कधी संगीत 72 डेसिबल ठेवलं, कधी 88. मोठ्या आवाजात बिअरचा ग्लास साधारण साडेअकरा मिनिटांत संपला, लहान आवाजात साडेचौदा मिनिटांत. ग्लासांची संख्याही वाढली. बोलता येत नाही तेव्हा माणूस पितो, हे सांगायला खरं तर प्रयोगाची गरज नव्हती; गल्ल्यावर बसणाऱ्या कुठल्याही शेट्टींनी सांगितलं असतं. पण आकडा असला की धोरण करणाऱ्यांना बरं पडतं. शांत बार चालवणारा मालक दर टेबलामागे एक-दोन ग्लास सोडून देत असतो. त्याने शांततेची किंमत आधीच मोजलेली असते, आणि ती काही प्रमाणात बिलात दिसते.

यावर एक चांगला आक्षेप आहे. हा परिसर शांत कधी होता? चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आजचा वीर नरिमन रोड, पन्नास-साठच्या दशकात जॅझचा रस्ता होता. गेलॉर्ड, ॲस्टोरिया, अँबॅसेडर, व्होल्गा, एकापाठोपाठ एक रेस्टॉरंटं आणि प्रत्येकात बँड. वाजवणारे बरेचसे गोव्याचे. त्यातले चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेट घेऊन ताजमध्ये वाजवायचे आणि दिवसा संगीतकार सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळात. 'अलबेला' सिनेमात भगवानदादा ज्या तालावर पाय टाकतात त्यात चर्चगेटची रात्र मुरलेली आहे. आणि हे सगळं दारूबंदीच्या काळात, बहुतेकांच्या हातात सरबत किंवा कॉफी असताना! तेव्हा इथे आवाज नव्हता असं म्हणणारा इतिहासाशी खोटं बोलेल.

फरक दोन आहेत. ते संगीत चार भिंतींच्या आत होतं. आणि ते माणसं वाजवत होती. माणसाचा दम संपतो, स्पीकरचा संपत नाही. उघड्या गच्चीवर ठेवलेल्या स्पीकरला भिंत नाही, छप्पर नाही, शेजार नाही. आवाज वरच्या वर पसरतो आणि मैदान ओलांडून समोरच्या रांगेवर आदळतो. शिवाय त्या जॅझमागे कसब होतं. आज शनिवारी ज्या गच्च्या दणदणतात त्यांच्यावर वाजतं ते देशभरातल्या कुठल्याही पबमध्ये त्या क्षणी वाजत असलेलं. त्यासाठी वारसा परिसर लागत नाही. मॉलचा चौथा मजला पुरतो.

खरं तर गच्चीशी मराठी माणसाचं नातं बारच्या आधीचं आहे. वाळवणं, पापड-कुरडया, कावळे हाकायला बसवलेलं पोर, संक्रांतीचा पतंग, परीक्षेच्या दिवसांतला अभ्यास, आणि कोजागिरी. पौर्णिमेच्या रात्री उघड्या गच्चीवर, चंद्राचा उजेड पडेल असं पातेलं ठेवून, दहा-पंधरा जणांनी मिळून हळूहळू काहीतरी पीत बसणं, यासाठी या समाजाने धर्मसंमत मुहूर्तच काढून ठेवलेला आहे. पातेल्यात केशरी दूध असतं, एवढाच काय तो फरक. पण आज मुंबईत किती इमारतींच्या गच्च्या उघड्या आहेत? मोबाइलचे टॉवर, पाण्याच्या टाक्या, सौरपट्ट्या, आणि दाराला कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे. कुणी उडी मारेल, कुणी पार्टी करेल, कुणी प्रेम करेल, म्हणून बंद. आकाश सोसायटीच्या कुलपाआड गेलं तेव्हाच त्याचा बाजार उभा राहणं ठरलं होतं. ज्याला आपल्याच डोक्यावरच्या गच्चीवर जाता येत नाही, तो हजार रुपये देऊन हॉटेलच्या गच्चीवर जातो.

शांततेच्या जोडीला दुसरी गोष्ट मागायला हवी, आणि ती मागताना आवाज चढला तरी चालेल. 28 डिसेंबर 2017 च्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या दोन पबना आग लागली आणि 14 माणसं गेली. बरीचशी स्वच्छतागृहात अडकून, धुराने गुदमरून. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याकडे बोट दाखवलं गेलं, पण निखारा हे निमित्त होतं. कापड, बांबू, प्लॅस्टिक यांचं छप्पर आणि बाहेर पडायला धड वाट नाही, ही खरी कारणं. मुंबईत पावसाळ्यापुरती शेड घालायची तात्पुरती परवानगी मिळते. सप्टेंबर संपतो, शेड राहते. पुढच्या वर्षी तिला पडदे लागतात, मग दिव्यांच्या माळा, मग खोटं छत. गच्ची गच्ची राहत नाही, पेटाऱ्यासारखी बंद होते. ज्या उघडेपणासाठी माणूस वर चढला तोच जातो आणि संकटाच्या वेळी निसटायची जागाही जाते. विशेष म्हणजे त्या आगीच्या दोनच महिने आधी महापालिकेने गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना रीतसर परवानगी देणारं धोरण आणलं होतं. धोरण वाईट नव्हतं. कागद आणि गच्ची यांच्यामधले आठ मजले तपासायला कुणी चढत नाही, हा रोग जुनाच.

पुण्यातही वेगळं घडलेलं नाही. पबमधून निघालेल्या मोटारीने 19 मे 2024 ला कल्याणीनगरात केलेल्या अपघातानंतर तिथल्या पबवर आणि गच्चीवरच्या बारवर पालिकेचा आणि उत्पादन शुल्क खात्याचा हातोडा पडला. त्या बारच्या आवाजाबद्दल रहिवासी त्याआधी कितीतरी दिवस तक्रारी करत होते. आपल्याकडे बार एक तर डोळ्याआड असतो किंवा बुलडोझरपुढे. मधली स्थिती, म्हणजे नियमाने चालणारा, शेजाऱ्याला माहीत असलेला, तपासला जाणारा बार, ही कुणालाच सोयीची नसते. आणि शेजाऱ्याला जड व्हायला बारच लागतो असंही नाही, नुसता देखावा पुरतो: पणजीच्या फोंतेन्हसमध्ये गल्ल्यांतल्या रंगीत घरांसमोर फोटो काढणाऱ्यांना कंटाळून लोकांनी दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या लावल्या. जुनं गाव सुंदर दिसतं कारण तिथे माणसं राहतात, आणि सुंदर दिसतं म्हणून तिथे राहणं कठीण होतं. मरीन ड्राइव्ह त्या वाटेवर अजून फार पुढे गेलेला नाही. फोर्टच्या गल्ल्या मात्र निघाल्या आहेत.

नियम नाहीत अशातला भाग नाही. आवाजाविरुद्धची लढाई ही मुंबईचीच देणगी म्हणायला हरकत नाही: डॉ. यशवंत ओक आणि त्यांचे सहकारी 1985 मध्ये उच्च न्यायालयात गेले, पुढे सुमैरा अब्दुलाली यांनी ती चिकाटी चालू ठेवली. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे. व्यापारी भागात दिवसा 65 डेसिबल, रात्री 55. निवासी भागात 55 आणि 45. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक फक्त बंदिस्त जागेत. गच्ची म्हणजे बंदिस्त जागा नव्हे, हे सांगायला वकील लागू नये. पण मरीन ड्राइव्ह निवासी की व्यापारी? एकाच इमारतीत तळमजल्यावर रेस्टॉरंट, मधे दवाखाना, वर तीन पिढ्यांचं कुटुंब. अशा मिश्र वस्तीत प्रत्येक जण आपल्याला सोयीचा आकडा उचलतो.

वारसा परिसरापुरतं तरी हे संपवता येईल. दर्शनी भिंतीला कुठला रंग द्यायचा हे जी यंत्रणा ठरवते, तिच्या यादीत आवाज नाही. त्या जागेचं रूप केवळ डोळ्यांनीच अनुभवायचं असतं असं कुणीतरी गृहीत धरलेलं आहे. गच्चीवरच्या बारला संमती देताना तिथे उघड्यावर स्पीकर नको, छप्पर नको, आकाशात झोत मारणारे दिवे नकोत, आणि दुसरा जिना मोकळा हवा, या चार अटी घातल्या तर 'डोम'सारख्या श्रीमंती ठिकाणापासून कुलाब्यातल्या साध्या गच्चीपर्यंत सगळ्यांना त्या सारख्याच लागू होतील. काही मालक कुरकुरतील. ज्यांना दणदणाट विकायचा आहे ते लोअर परळला जातील, जावोत. उरतील ते बसायला येणाऱ्यांसाठी चालवतील.

मद्यविक्रीचे परवाने दर वर्षी 31 मार्चच्या आत नूतनीकरणाला जातात. अर्जासोबत कागदांचा गठ्ठा असतो. त्यात आणखी एक पान वाढवावं: आवाजाच्या मोजणीचं. मोजणी बारच्या काउंटरवर नको, तिथे त्या दिवशी सगळेच कुजबुजतील. ती शेजारच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोलीच्या उघड्या खिडकीत, शनिवारी रात्री साडेअकराला, न कळवता व्हावी. आणि त्या पानाखाली सही अधिकाऱ्याची असेल, तशी त्या खोलीत झोपणाऱ्याचीही असावी.